ग्रामोद्धाराचा पाठ : हिवरे बाजारचे उदाहरण
(इयत्ता ६ वी व ७ वीच्या शिक्षकांसाठी)

१. विषयाचे प्रयोजन

नागरिकशास्त्रातील ग्रामपंचायत व ग्रामसभा हा भाग बहुधा व्याख्या, सदस्यसंख्या व अधिकार यांची यादी सांगून संपविला जातो. मुले ती यादी पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि पुढील इयत्तेत जाताना मागे ठेवून जातात. आपल्या गावात देवळापुढे किंवा पंचायतीच्या ओट्यावर भरणारी सभा आणि पुस्तकातील सभा एकच होय, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. याचे कारण उघड आहे. सभेने एखादा ठराव केला व त्या ठरावामुळे गावच्या विहिरीचे पाणी, गोठ्यातील दूध किंवा शाळेची इमारत बदलली, असे उदाहरण त्यांच्यापुढे कधी ठेवलेलेच नसते.

असे उदाहरण महाराष्ट्रात आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाची हकीकत वृत्तपत्रांतून व व्याख्यानांतून पुष्कळांनी ऐकली असेल. तथापि ऐकीव गौरव व वर्गात शिकविण्याजोगा पाठ यांत अंतर असते. गाव कसे सुधारले, कोणत्या क्रमाने सुधारले आणि सुधारलेले टिकले कसे, या तीन प्रश्नांच्या अनुरोधाने ही हकीकत पाहिली, तरच तिचा शिक्षकास उपयोग होईल. प्रस्तुत लेखात प्रथम गावाची हकीकत, नंतर तिच्यातील गणित व विज्ञान आणि अखेरीस पाठाची रूपरेषा दिली आहे.

२. गावाची पूर्वस्थिती

हिवरे बाजार हे नगर तालुक्यातील सुमारे ९७७ हेक्टर क्षेत्राचे लहानसे गाव. सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या टापूत ते येत असल्यामुळे तेथे वर्षाकाठी सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. भोवताली डोंगर, त्यांच्या उतारावर हलकी जमीन. एके काळी हे गाव पहिलवानांचे गाव म्हणून पंचक्रोशीत ओळखले जाई. आखाडा होता, दूधदुभते होते, डोंगरावर झाडी होती.

पुढे झाडी तुटली. सरपण व चराई यांमुळे डोंगर उघडे पडले आणि पावसाचे पाणी माती घेऊन वाहून जाऊ लागले. १९७२ च्या दुष्काळाने तर गावाचा कणाच मोडला. विहिरी आटल्या, अनेक कुटुंबे मजुरीसाठी शहरांकडे निघून गेली. जे मागे राहिले, त्यांच्यात दारू व तंटे वाढले. सरकारी नोकरांना या गावी झालेली बदली शिक्षेसारखी वाटे, असे सांगितले जाते. शाळा चौथीपर्यंतच होती आणि तिची अवस्था गावासारखीच होती.

या वर्णनातील एक गोष्ट शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावी. पाणी गेले म्हणून गावाची शिस्त गेली, आणि शिस्त गेल्यामुळे उरलेसुरले पाणीही गेले. दोन्ही गोष्टी एकमेकींना खाली ओढत होत्या. म्हणूनच केवळ बंधारा बांधून किंवा केवळ उपदेश करून हे गाव उभे राहिले नसते.

३. कार्याचा आरंभ

१९८९ साली गावातील तरुणांनी पुढाकार घेतला. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आपल्यातील शिकलेल्या माणसास पुढे करावे, असा विचार त्यांनी मांडला आणि पदव्युत्तर शिक्षण घेतलेले श्री. पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. पडीक जमीन, आटलेल्या विहिरी, दारूचे गुत्ते, बेकारी अशी कामांची रांगच समोर उभी होती. त्यांतून पहिले कोणते घ्यावयाचे, हा प्रश्न होता.

गावाने आरंभीच शाळेचे काम हाती घेतले. शाळेला जागा अपुरी होती. ग्रामस्थांनी जमीन दिली, श्रमदानाने वर्गखोल्या उभारल्या व क्रीडांगण सपाट केले. कालांतराने गावातच दहावीपर्यंतच्या शिक्षणाची सोय झाली.

ही निवड आकस्मिक नव्हे. गावात गटतट असले, तरी शाळेत सर्वांचीच मुले बसतात. बंधारा कोणाच्या शेताजवळ होणार यावरून वाद होऊ शकतो. शाळेची खोली मात्र सर्वांच्या मालकीची असते. शिवाय असे काम अल्पावधीत पुरे होते व डोळ्यांना दिसते. वर्षानुवर्षे एकत्र न आलेल्या माणसांना ‘आपण मिळून काही करू शकतो’ हा अनुभव प्रथम लहान कामातूनच यावा लागतो. डोंगरावर खणलेल्या चरांचा लाभ दिसण्यास दोनतीन पावसाळे जातात. तेवढा धीर धरण्याची शक्ती आधी पुऱ्या झालेल्या कामातून मिळते.

४. सप्तसूत्री

याच जिल्ह्यातील पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी या गावी १९७५ पासून श्री. अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने पाणलोटाचे व व्यसनमुक्तीचे कार्य सुरू झाले होते. त्या अनुभवाच्या आधारे राज्य शासनाने आदर्श गाव योजना आखली. तिच्यात हिवरे बाजारने १९९४ साली भाग घेतला. योजनेत येणाऱ्या गावाने काही नियम स्वतःवर घालून घ्यावयाचे असतात. आरंभी ते पाच होते : कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी म्हणजे कुटुंब मर्यादित ठेवणे, आणि श्रमदान. पुढे त्यांत लोटाबंदी म्हणजे उघड्यावर शौचास न जाणे, व बोअरवेलबंदी यांची भर पडून सप्तसूत्री झाली.

मुलांना ही सूत्रे नुसती पाठ करावयास देऊ नयेत. त्यांतील एक सूत्र सोडले, तर बाकीची सर्व संयमाची आहेत. श्रमदान हे तेवढे ‘करावयाचे’ काम. इतर सर्व ‘न करावयाची’ कामे होत. डोंगरउतारावर समपातळी चर खणले, नाल्यांवर बांध घातले, झाडे लावली, हे सर्वांच्या नजरेस येते. पण त्याच डोंगरावर जनावरे मोकळी सोडली असती, तर रोप दुसऱ्या पानावर येण्यापूर्वीच गेले असते. आणि जिरलेले पाणी खोल कूपनलिकांनी उपसले असते, तर चर खणण्याचे श्रम दोनचार वर्षांत वाया गेले असते.

बोअरवेलबंदीचे कारण समजण्यास आपल्या भूमीची रचना समजली पाहिजे. दख्खनचा पाषाण हा काळा, कठीण बेसाल्ट आहे. त्याच्या वरच्या झिजलेल्या मुरमाड थरात पावसाचे पाणी मुरते व साठते. उघड्या विहिरी या थरातून पाणी घेतात. खाली कठीण खडकाच्या भेगांत पाणी असते, पण ते थोडे असते व फार सावकाश भरते. खोल कूपनलिका त्या भेगांतील पाणी ओढते आणि पुष्कळदा वरच्या थरातील पाणीही खाली उतरते. परिणामी एकाच्या कूपनलिकेने शेजारच्या चार विहिरी कोरड्या पडतात. म्हणून हिवरे बाजारने शेतीसाठी कूपनलिका न घेण्याचा निर्णय केला, आणि त्याच्या जोडीला ऊस व केळी यांसारखी फार पाणी पिणारी पिके टाळली. गावची जमीन बाहेरच्या माणसास विकावयाची नाही, असाही निर्बंध गावाने पाळला; कारण नियम केला त्या सभेत जो बसला नाही, तो नियम पाळील याची शाश्वती नसते.

बंदीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. ज्याला शेत आहे त्याच्या गुरांना बांधावरचे गवत मिळते. ज्याच्याजवळ चार शेळ्या व मोकळे माळरान एवढीच मिळकत, त्याला चराईबंदी प्रथम उपासमारीसारखी वाटते. हिवरे बाजारात मोकळी चराई बंद झाली, पण अल्प मोबदला देऊन राखीव माळावरील गवत विळ्याने कापून नेण्याची मुभा राहिली. चर व बांध यांच्या कामांवर मजुरीही मिळाली. जेथे अशी पर्यायी सोय न करता बंदी लादली जाते, तेथे ती मोडली जाते, आणि तो दोष मोडणाऱ्याचा एकट्याचा नसतो.

५. पाण्याचा ताळेबंद

गाव सुधारले, पण सुधारलेले टिकले कसे? याचे उत्तर हिशेबात आहे. २००४ च्या सुमारास गावाने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत सुरू केली. पर्जन्यमापकाने पाऊस मोजावयाचा, ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी मोजावयाची, आणि पावसाळ्यानंतर तो हिशेब ग्रामसभेपुढे ठेवून कोणती पिके किती क्षेत्रात घ्यावयाची हे ठरवावयाचे. माणसांचे व जनावरांचे पाणी आधी बाजूस काढून मगच शेतीचा विचार होतो. पाऊस कमी झाला, तर पीक बदलते किंवा क्षेत्र कमी होते.

याचा कस दुष्काळात लागला. २०१२-१३ साली मराठवाडा व नगर जिल्ह्याच्या मोठ्या भागात पाण्याचे टँकर धावत होते. हिवरे बाजारला टँकर लागला नाही. पाऊस त्या गावावर काही निराळा पडला नव्हता.

इतर फळेही थोडक्यात सांगता येतील. १९९५ च्या सुमारास गावातील १८० कुटुंबांपैकी १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. पुढील दीड दशकात अशी कुटुंबे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. दिवसाला सुमारे १५० लिटर असलेले दूध काही हजार लिटरवर गेले. शहरात गेलेली अनेक कुटुंबे परत आली. गावाला २००७ साली राष्ट्रीय जलपुरस्कार मिळाला, व श्री. पवार यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. वर्गात मात्र पुरस्कारांपेक्षा परत आलेल्या कुटुंबांविषयी अधिक बोलावे. ज्या गावाच्या शाळेचा पट दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीमुळे निम्म्यावर येतो, त्या गावच्या शिक्षकास या गोष्टीचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको.

६. पाठाची रूपरेषा

विषय : ग्रामसभा व गावचे पाणी. तासिका : दोन.

उद्देश : (अ) ग्रामसभेचा निर्णय व गावाचे जीवन यांतील संबंध मुलांना समजणे. (आ) पाऊस व पाण्याची गरज यांचा हिशेब मुलांना स्वतः करता येणे.

साहित्य : जिल्ह्याचा नकाशा, सरळ बाजूंचे काचेचे भांडे, फूटपट्टी, दोन लहान पेट्यांत भरलेली माती (एकीत गवताची ढेपळे, दुसरीत उघडी माती), पाण्याची झारी.

प्रस्तावना : ‘आपल्या गावच्या विहिरींना कोणत्या महिन्यापर्यंत पाणी असते?’ ‘आजोबांच्या लहानपणी कोणत्या महिन्यापर्यंत असे?’ दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी आदल्या दिवशी घरी विचारून आणावे.

प्रयोग : दोन्ही पेट्या सारख्याच तिरक्या ठेवून झारीने सारखेच पाणी घालावे. खालून येणारे पाणी दोन भांड्यांत धरावे. उघड्या मातीखालील पाणी अधिक व गढूळ असते, गवताखालील थोडे व बरेचसे निवळ असते. डोंगरावरील कुऱ्हाडबंदी व चराईबंदी यांचे कारण मुले स्वतःच सांगतील. शिक्षकाने ते आधी सांगू नये.

गणित : फलकावर पुढील हिशेब मुलांकडून पायरीपायरीने करून घ्यावा.

१ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस = १ लिटर पाणी.
१ हेक्टर = १०,००० चौरस मीटर; म्हणून १ मिलिमीटर पाऊस = १०,००० लिटर.
९७७ हेक्टर गावावर १ मिलिमीटर पाऊस = ९७ लाख ७० हजार लिटर.
४०० मिलिमीटर पाऊस = ३९० कोटी ८० लाख लिटर.

आता गरज पाहावी. गावची वस्ती साडेबाराशे व माणशी रोज ५५ लिटर घरगुती पाणी धरल्यास, वर्षाला सुमारे २ कोटी ५१ लाख लिटर होतात. म्हणजे आकाशातून पडणाऱ्या पाण्याचा दीडशेवा हिस्सादेखील नव्हे. येथे थांबून मुलांना विचारावे : ‘मग असे गाव तहानलेले का होते?’ वाहून जाणारे पाणी, बाष्प होऊन उडणारे पाणी व पिकांना लागणारे पाणी, ही तिन्ही उत्तरे चर्चेतून निघाली पाहिजेत.

त्यानंतर शेवटचे उदाहरण घ्यावे. उसाला वर्षभरात सुमारे २,००० मिलिमीटर पाणी लागते, असे धरले तर १ हेक्टरास २ कोटी लिटर होतात. म्हणजे सव्वा हेक्टर, सुमारे तीन एकर ऊस साऱ्या गावाच्या वर्षाच्या घरगुती पाण्याएवढे पाणी पितो. ज्वारीस त्याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास पाणी पुरते. हा हिशेब झाल्यावर पिकांचा निर्णय ग्रामसभेत का घ्यावा लागतो, हे निराळे शिकवावे लागत नाही.

वर्गसभा : दुसऱ्या तासिकेत वर्गाचीच ग्रामसभा भरवावी. काही मुलांना विहीर असलेले शेतकरी, काहींना कोरडवाहू शेतकरी, काहींना शेळ्या पाळणारे भूमिहीन, काहींना दुरून पाणी आणणाऱ्या स्त्रिया अशा भूमिका द्याव्यात. ‘यंदा पाऊस निम्मा झाला आहे, काय करावे?’ एवढाच विषय ठेवावा. भूमिहीनांचे म्हणणे ऐकल्याविना ठराव झाल्यास, शिक्षकाने तो ठराव पुन्हा सभेपुढे ठेवण्यास सांगावे. ठराव मुलांनीच इतिवृत्ताच्या रूपाने लिहून काढावा.

उपयोजन : आपल्या गावाचे क्षेत्र व लोकसंख्या ग्रामपंचायतीतून मिळवून वरील हिशेब आपल्या गावासाठी करणे.

७. शाळेची पर्जन्यनोंद व शिक्षकाने पाळावयाची पथ्ये

पाठ दोन तासिकांत संपतो. नोंद वर्षभर चालावयास हवी. सरळ बाजूंचे भांडे उघड्या जागी, झाडे व भिंती यांपासून दूर, जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटर उंच असे घट्ट बसवावे. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजून वहीत लिहावी व भांडे रिकामे करावे. रविवार व सुट्टी यांची व्यवस्था आधी ठरवावी, कारण खाडा पडलेली नोंद पुढे कोणी विश्वासाने वापरीत नाही. विहिरीची पातळी महिन्यातून एकदा मोजणे पुरे आहे. दोरीला दगड बांधून ती सोडण्याचे काम मोठ्या माणसानेच करावे. मुलांनी कठड्यापासून दूर राहून आकडा लिहून घ्यावा.

श्रमदानाविषयी तारतम्य हवे. रोपांना पाणी घालणे, बिया गोळा करणे, अंगण झाडणे ही मुलांची कामे होत. चर खणणे, दगड वाहणे ही नव्हेत. श्रमदान शिकविण्याच्या वेळात घेऊ नये व शिक्षा म्हणून तर कधीच देऊ नये. एकाच जातीची किंवा केवळ मुलीच झाडलोट करताना दिसल्या, तर त्या शाळेत ग्रामोद्धाराचा पाठ उलटा शिकविला जात आहे, असे समजावे.

गावच्या गटातटांपासून शिक्षकाने अलिप्त राहावे. सरपंच कोण असावा हा शिक्षकाच्या कक्षेतील प्रश्न नव्हे. गावाला शिक्षकाकडून निराळीच गोष्ट हवी असते, आणि ती म्हणजे कोणत्याही पक्षाची नसलेली खरी नोंद. ‘पाऊस कमी झाला’ असे एक गट म्हणतो व ‘उपसा जास्त झाला’ असे दुसरा म्हणतो. अशा वेळी शाळेच्या वहीत पाच वर्षांचा पाऊस व पाच वर्षांची पाणीपातळी शेजारी शेजारी लिहिलेली असेल, तर सभेतील बोलणे माणसांवरून आकड्यांवर येते. हिवरे बाजारची सभा दरवर्षी याच पायावर निर्णय घेत आली आहे.

प्रत्येक गाव हिवरे बाजार होईल, असे नव्हे. कोठे पाऊस अधिक आहे, कोठे कालवा आहे, कोठे जमिनीचे तंटे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत. तेथील कार्याचा क्रम मात्र कोणत्याही गावास लागू पडेल : सर्वांचे असे लहान काम प्रथम पुरे करावे, नियम सर्वांनी मिळून करावा, त्याचा भार कोणावर पडतो ते पाहून त्याची सोय लावावी, आणि हिशेब उघड ठेवावा. यांपैकी अखेरची गोष्ट शाळेला आजच आरंभता येण्यासारखी आहे. त्यासाठी एक भांडे, एक फूटपट्टी व एक वही पुरेशी आहे. वहीच्या पहिल्या पानावर गावाचे क्षेत्र व लोकसंख्या लिहावी, नोंद ठेवणाऱ्या मुलांची पाळी लावावी, आणि वर्षाअखेरीस ती वही मुलांच्याच हातून ग्रामसभेपुढे वाचून दाखवावी. बदली होऊन जाणाऱ्या शिक्षकाने ती नव्या शिक्षकाच्या स्वाधीन हजेरीपटाइतक्याच काळजीने करावी.